टॅटूतला लाल रंगच तेवढा खाजतोय

'ताई, मी सव्वीस वर्षांची आहे. आजी गेल्यावर तिच्या जुन्या वहीतली सही मी डाव्या हातावर, मनगटाच्या थोडं वर गोंदवून घेतली. सहीखाली तिच्या आवडीचं लाल फूल. याला आठ महिने झाले. जखम नीट भरली, सहा महिने काहीच त्रास नव्हता. गेले दोन महिने मात्र पाकळ्या फुगल्यात, हात फिरवला तर खडबडीत लागतात आणि रात्री इतकी खाज सुटते की झोपमोड होते. काळ्या सहीला काहीही झालेलं नाही. टॅटू काढणारा म्हणतो, शाई चांगली आहे, तुझीच त्वचा नाजूक आहे, टच-अप केला की बसेल. आधी त्याने कानामागे एक ठिपका टोचून पाहिला होता, तेव्हा काही झालं नव्हतं. मैत्रीण म्हणते, लेझरने काढून टाक. दुकानातून आणलेलं एक मलम लावते. लावलं की बरं वाटतं, थांबवलं की पुन्हा तेच. आईला अजून दाखवलेलं नाही. "तरी मी सांगत होते" हे ऐकायची आत्ता ताकद नाही. हा कॅन्सर तर नाही ना? आजीची सही जाईल का? आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या हातावरच्या टॅटूसाठी तारीख घेतली आहे, ती ठेवू का? कृपया नाव छापू नका.'

तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू अगदी सहज लिहून गेली आहेस: काळ्या सहीला काहीही झालेलं नाही. टोचणारा हात एक, दिवस एक, काळजीही सारखीच घेतलेली. तरी त्रास एकाच रंगाला, आणि तोही त्या रंगाच्या कडेपर्यंतच. असं दिसलं की त्वचातज्ज्ञांच्या मनात पहिला संशय शाईच्या ॲलर्जीचा येतो. तुझं पत्र वाचून मलाही तेच वाटलं. पत्रावरून निदान पक्कं होत नसतं. कुणीतरी हात प्रत्यक्ष पाहायला हवा, बहुधा त्वचेचा बारीकसा तुकडाही तपासावा लागेल. पण तोवर काय करायचं नाही, हे मात्र मी आजच सांगू शकते, आणि तुझ्या बाबतीत तेच जास्त निकडीचं आहे.

लेझर करू नकोस. टच-अप करू नकोस. मैत्रीण आणि टॅटू काढणारा, दोघांनीही भलं चिंतूनच सांगितलं असेल, पण हे दोन्ही सल्ले तुझ्या हातासाठी चुकीचे आहेत.

टच-अपचं कारण सोपं आहे. ज्या पदार्थावर शरीर चिडलंय तोच पदार्थ आणखी टोचायचा, म्हणजे चिडण्याला खतपाणी. वरून दुसरा रंग घालून लाल झाकून टाकण्याची कल्पनाही कुणी सुचवेल, तिलाही नाहीच म्हण. खालची लाल शाई कुठेही जात नाही, वर आणखी एक जखम मात्र होते.

लेझरचं जरा सविस्तर सांगते, कारण तिथे धोका मोठा आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. टॅटू घालवण्यासाठी वापरतात ते क्यू-स्विच्ड किंवा पिको लेझर रंगाच्या कणांचा अत्यंत कमी वेळात स्फोट घडवून त्यांचे बारीक तुकडे करतात. ॲलर्जी नसलेल्या टॅटूत हे ठीक आहे. तुकडे झालेला रंग शरीर हळूहळू वाहून नेतं. पण ज्या रंगाची ॲलर्जी आहे त्याचे असे तुकडे झाले, की आतापर्यंत पेशींच्या आत कोंडलेला पदार्थ एकदम मोकळा होतो, पसरतो, आणि प्रकाशाने फुटून नवे रासायनिक तुकडेही तयार होतात. त्यामुळे आजवर हाताच्या एका भागापुरती असलेली प्रतिक्रिया अंगभर पित्त उठण्यापर्यंत, ओठ-चेहरा सुजण्यापर्यंत, क्वचित श्वास घ्यायला त्रास होण्यापर्यंत गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून ॲलर्जी झालेल्या लाल टॅटूवर हे लेझर टाळायचं, असं त्वचातज्ज्ञ मानतात. टॅटू घालवून देणाऱ्या ठिकाणी प्रत्येक वेळी हे विचारलं जाईलच असं नाही. तुला कुणी विचारलं नाही, तरी तू सांगायचंस.

आता तुला जे छळतंय त्याबद्दल. सहा महिने सगळं सुरळीत होतं, मग आत्ताच का?

सुई त्वचेच्या वरच्या थराखाली, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल, शाई सोडते. वरचा थर सतत झडून नवा होत असतो, तिथे रंग टिकलाच नसता. खालच्या थरात तो टिकतो, पण शरीर त्याला आपलं मानत नाही. मॅक्रोफेज नावाच्या रक्षक पेशी धावत येतात आणि रंगाचे कण गिळतात. जंतू गिळला तर त्या पचवतात, पण हे कण त्यांना पचत नाहीत. मग त्या कण पोटात घेऊनच तिथे बसून राहतात. फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवून दिलं, की अशी पेशी मेली की तिच्यातला रंग बाहेर पडतो आणि नव्या पेशी तो पुन्हा गिळतात. टॅटू वर्षानुवर्षं जसाच्या तसा दिसतो तो यामुळे. बाहेरून आपल्याला चित्र स्थिर वाटतं, आत मात्र तुझ्या प्रतिकारशक्तीची आणि त्या शाईची रोजची गाठ असते. या रोजच्या संपर्कातून एखाद्या दिवशी प्रतिकारशक्ती त्या पदार्थाला शत्रू ठरवते. हे काही आठवड्यांत होऊ शकतं, काही महिन्यांत होऊ शकतं, काहींना तर कित्येक वर्षांनी होतं. तुझी जखम नीट भरली होती, तू काळजी घेतली होतीस, आणि तरीही हे झालं. त्या काळजीचा आणि या ॲलर्जीचा संबंध नाही.

लाल रंगाचं नाव यात वारंवार का येतं? पूर्वी टॅटूच्या लाल शाईत हिंगूळ असायचा, म्हणजे पाऱ्याचं संयुग, आणि त्याने ॲलर्जी होते हे जुन्या काळापासून माहीत आहे. हिंगूळ गेला तेव्हा प्रश्न मिटेल अशी अपेक्षा होती, पण तो मिटला नाही. आजच्या लाल शायांमध्ये बहुतेक वेळा ॲझो जातीचे सेंद्रिय रंग असतात. हे रंग मुळात छपाई, प्लास्टिक, भिंतीचे रंग अशा कामांसाठी बनवले गेले. माणसाच्या त्वचेखाली वर्षानुवर्षं राहण्यासाठी नव्हे. डेन्मार्कमध्ये टॅटूच्या ॲलर्जीच्या १०४ बायोप्सी, म्हणजे काढून घेतलेले त्वचेचे बारीक तुकडे, तपासल्या गेल्या, त्यांत पिगमेंट रेड २२, १७० आणि २१० हे रंग पुन्हा पुन्हा सापडले. हीच नावं शाईच्या बाटलीवर असू शकतात, म्हणून मुद्दाम लिहिली.

काळ्या शाईत बहुधा कार्बन असतो. त्याने अशी ॲलर्जी फार क्वचित होते. तुझी सही शांत आहे ती म्हणून.

कानामागचा ठिपका. टॅटू काढणाऱ्याने तो टोचला ही त्याची सावधगिरी होती, त्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. पण ती चाचणी तुला वाचवू शकत नव्हती. एक तर ज्या प्रतिक्रियेला यायला सहा महिने लागतात, ती थोड्या दिवसांच्या ठिपक्यात दिसणार कशी? आणि दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कोपनहेगनच्या बिस्पेब्येर्ग रुग्णालयात यॉर्गेन सेरुप आणि कॅटरीना हटन कार्लसन यांनी टॅटूचा त्रास असलेल्या ९० रुग्णांची पॅच टेस्ट केली. यात पदार्थ पाठीवर चिकटवून त्वचा काय म्हणते ते पाहतात. ज्यांच्या अंगावर लाल टॅटू सुजून आलेला, त्यांच्याही पाठीवर बहुतेक वेळा काहीच उठलं नाही, त्रास देणारी शाईच लावून पाहिली तरी नाही. त्यांचा निष्कर्ष असा, की ॲलर्जी करणारा खरा पदार्थ बाटलीत तयार नसतो; शाई त्वचेखाली राहून हळूहळू तिथेच तो घडतो. म्हणूनच 'आधी टेस्ट केली होती' या एका गोष्टीवर कुणीही निर्धास्त होऊ नये, आणि डॉक्टरांनी पॅच टेस्ट करून ती कोरी आली तर 'मग ॲलर्जी नाहीच' असंही समजू नये.

पण तो ठिपका आता वेगळ्या कामाला येईल. तो लाल शाईचा होता का? असेल तर आरशात नीट बघ, बोट फिरवून बघ. तोही आता वर आला असेल, खाजत असेल, तर निदानाला मोठाच आधार मिळेल. ज्या रंगाची ॲलर्जी होते तो रंग शरीरावर दुसरीकडे असेल, तर तिथेही त्रास सुरू झाल्याचं पुष्कळदा दिसतं. डॉक्टरांना कान आठवणीने दाखव.

'तुझी त्वचा नाजूक आहे' हे वाक्य मनातून काढून टाक. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये टॅटू असलेल्या ३०० जणांना विचारून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांनी टॅटूचा काही ना काही त्रास झाल्याचं सांगितलं. सहा टक्के लोकांना तर विशिष्ट रंगाशी जोडलेला, चार महिन्यांहून जास्त टिकलेला त्रास होता, आणि त्यांत लाल सगळ्यात पुढे. या सगळ्यांची त्वचा नाजूक म्हणून सोडून देता येत नाही. शाईत काय घालतात याकडेही बोट दाखवायला हवं. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने त्वचेखाली टोचण्यासाठी टॅटूच्या एकाही रंगद्रव्याला मान्यता दिलेली नाही, तरी ते सर्रास टोचले जातात. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून चार हजारांहून अधिक पदार्थांवर टॅटूच्या शाईत मर्यादा किंवा बंदी आणली. आणि लेबलवर तरी किती विश्वास ठेवावा? बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ५४ शाया तपासल्या. २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की त्यांतल्या ४५ शायांमध्ये लेबलवर लिहिलेलं आणि आत सापडलेलं जुळत नव्हतं. मला याचा राग येतो. विश्वासाने हात पुढे करणाऱ्या माणसाला आपल्या अंगात काय जातंय हे कळायलाच हवं.

हे ॲलर्जीऐवजी दुसरं काही असू शकतं का? असू शकतं, म्हणूनच हात दाखवायचा. संसर्ग असता तर तो बहुधा पहिल्या काही दिवसांत दिसला असता. दुखणं, जागा गरम लागणं, पू, लाली रंगाची कड ओलांडून पसरणं, ताप, ही त्याची लक्षणं. एक संथ जातीचा जंतू मात्र जरा उशिरा त्रास देतो. तो क्षयाच्या जंतूच्या दूरच्या नात्यातला. २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात १९ जणांना तो झाला होता आणि त्याचा माग आधीच पातळ करून विकलेल्या करड्या शाईपर्यंत लागला. त्याचीही पुरळ टॅटूच्या रंगातच उठते, म्हणून ती ॲलर्जी समजून नुसतं स्टिरॉइड लावत राहणं धोक्याचं ठरतं. पण तो बहुधा काही आठवड्यांत दिसू लागतो, आणि तुझे सहा महिने शांत गेलेत.

टॅटू ताजा असताना पुरळ उठली आणि ती चित्रापेक्षा चौकोनी दिसली, तर शाईआधी वर चिकटवलेल्या फिल्मवर संशय घ्यावा. जखमेवर लावलेल्या मलमातल्या निओमायसिनसारख्या औषधाचीही ॲलर्जी होते. हे तुझ्यासाठी नाही, पण वाचणाऱ्या इतर कुणाच्या उपयोगी पडेल. तसंच ज्यांच्या काळ्या टॅटूवर गाठी आल्या आहेत, विशेषतः अनेक जुन्या टॅटूंवर एकाच वेळी, त्यांनी ते हलकं घेऊ नये. सारकॉइडोसिस नावाचा आजार असा टॅटूतून पहिल्यांदा डोकावतो. तो फुप्फुसात असू शकतो, डोळ्यांत असू शकतो. टॅटू सुजलाय आणि त्याच सुमारास डोळे लाल झालेत, दुखतायत, उजेड सहन होत नाही, अंधूक दिसतंय, असं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जायचं. डोळ्याच्या आतल्या सुजेने नजर जाऊ शकते. तुला यातलं काही होत असेल, किंवा कोरडा खोकला, धाप असं काही असेल, तर तुलाही हे लागू आहे.

आता ते दुकानातलं मलम. लावलं की बरं आणि थांबवलं की पुन्हा, या वर्णनावरून त्यात स्टिरॉइड असणार असं मला वाटतं. कदाचित सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध मिसळलेलं असेल. अशी मिश्र मलमं मनाने महिनोन्‌महिने लावली की त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, बुरशी असेल तर ती दबून पसरते, आणि खरं दुखणं झाकलं जातं. मी स्टिरॉइडच्या विरुद्ध नाही. तुझ्यावरच्या उपचारात तेच पहिलं औषध असेल. पण किती ताकदीचं, किती दिवस, कसं कमी करत आणायचं, हे डॉक्टरांनी ठरवायचं. नवी ट्यूब आणू नकोस. जी आहे ती फेकू नकोस, सोबत घेऊन जा.

त्वचातज्ज्ञांकडे गेल्यावर साधारण काय होईल ते सांगते, म्हणजे तिथे गोंधळ उडणार नाही. ते पाकळ्या बघतील, दाबून बघतील, काखेतल्या गाठीही चाचपतील. काखेत गाठ लागली तर लगेच घाबरू नकोस. शाईचे कण त्वचेतून लसिका ग्रंथींपर्यंत जातात. २०१७ मध्ये जर्मनी आणि फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे अतिशय तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, माणसांच्या ऊतींमध्ये हे कण थेट पाहिले आहेत. पण गाठ लागली तर ती सांगायची, लपवायची नाही. मग बायोप्सी. जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा घेतात, एखादा टाका पडतो. तो लाल भागातूनच घ्यायला हवा आणि सहीला धक्का न लावता घेता येतो. हे तू स्वतः बोलून दाखव.

तुझा कॅन्सरचा प्रश्नही तिथेच सुटेल. लाल टॅटूवर त्वचेचे काही कर्करोग झाल्याच्या नोंदी आहेत, पण त्या तुरळक आहेत आणि तुझं वर्णन तसं वाटत नाही. एखादी गाठ झपाट्याने वाढली, मधोमध खड्डा पडला, व्रण होऊन तो भरेना, तर मात्र तारखेची वाट न बघता जायचं. रंगाच्या बरोब्बर आकारात सगळ्या पाकळ्या सारख्या फुगणं हे ॲलर्जीचं चित्र आहे.

उपचार सुरुवातीला जोरदार स्टिरॉइड मलमाने होतो. पुरेसा फरक पडला नाही तर तेच औषध इंजेक्शनने थेट फुगलेल्या भागात देतात. काही आठवड्यांच्या अंतराने ते पुन्हा द्यावं लागतं. अनेकांना यावर आराम पडतो. खाज आधी जाते, फुगवटा मागून. ॲलर्जीच्या गोळ्यांनी रात्रीची झोप थोडी सुधारेल, पण पाकळ्या त्यांनी बसणार नाहीत. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर औषध लागू पडत नाही म्हणून माणूस निराश होतो आणि उपचार सोडून देतो.

आणि एक गोष्ट तुला स्पष्टच सांगायला हवी. औषधाने सूज दबते, शाई तिथेच राहते. औषध थांबवल्यावर काहींना पुन्हा त्रास होतो. असं वारंवार झालं, तर रंग असलेला त्वचेचा थर शस्त्रक्रियेने तासून काढतात. पॅच टेस्टचा अभ्यास करणाऱ्या कोपनहेगनच्या त्याच गटाने ही पद्धत बरीच वापरली आहे. भाग छोटा असेल तर तो सरळ कापून टाके घालतात. काही ठिकाणी कार्बन डायऑक्साइड लेझरने थर उडवतात. हे लेझर रंग फोडणाऱ्या लेझरपेक्षा वेगळं असतं, पण तेही ॲलर्जी माहीत असलेल्या, प्रसंग सावरू शकणाऱ्या डॉक्टरांकडेच करायचं. या सगळ्यांत व्रण राहतो.

म्हणजे फूल जाऊ शकतं. सही जाण्याचं मला तरी कारण दिसत नाही. ती काळी आहे, शांत आहे, आणि फूल सहीखाली आहे असं तू लिहिलं आहेस. पाकळ्या अक्षरांना चिकटलेल्या असतील तर तेवढ्या जागी डॉक्टरांना जपून काम करावं लागेल. पहिल्याच भेटीत त्यांना सांग की ही आजीची सही आहे आणि ती राहावी अशी तुझी इच्छा आहे. डॉक्टरांना हे भावनिक वाटेल म्हणून गप्प बसू नकोस. काय वाचवायचं आहे हे कळलं, तर त्याप्रमाणेच कुठून आणि किती काढायचं ते ठरतं.

तोवर घरी: खाजवू नकोस, गार पाण्यात पिळलेला कपडा ठेव, वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर लाव, नखं कापलेली ठेव. आणि ऊन टाळ. डेन्मार्कमध्ये समुद्रकिनाऱ्यावर टॅटू असलेल्या १४४ लोकांना विचारलं होतं. त्यांतल्या ४२ टक्के लोकांनी टॅटूच्या जागी काही ना काही तक्रार सांगितली आणि त्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक उन्हाशी जोडलेल्या होत्या. उन्हाने ॲझो रंगाचे तुकडेही होतात. पूर्ण बाहीचा कपडा उत्तम. सनस्क्रीनने चुरचुरत असेल तर कापडावरच भागव.

पुढच्या महिन्याची तारीख आजच रद्द कर. काळ्या रंगाचाच असला तरी. शरीर एका जागी चिडलेलं असताना, निदान हातात नसताना, दुसरी जखम करायची नाही. पुढे सगळं शांत झालं आणि लाल शाईचीच ॲलर्जी ठरली, तर फक्त काळ्या रंगाचा विचार करता येईल. डॉक्टरांशी बोलून, आणि खात्री कुणीच देणार नाही हे धरून. लाल मात्र कायमचा वर्ज्य. त्याच्यासोबत नारिंगी, गुलाबी, जांभळाही, कारण या छटांत तीच रंगद्रव्यं मिसळलेली असतात. ओठांवर कायमचा रंग टोचून देतात, तोही यातच आला. सौंदर्योपचार म्हणून विकला जातो, त्यामुळे तो टॅटू आहे हे लक्षात राहत नाही, आणि ओठांवर अशी ॲलर्जी उठली तर ती हाताइतकी सोसवत नाही.

आईला दाखव, आणि डॉक्टरांकडे जायच्या आधी दाखव. 'तरी मी सांगत होते' ती म्हणेल, बहुधा म्हणेलच. ते एकदा ऐकून घे, उत्तर देऊ नकोस. त्यानंतर ती हात बघेल, आणि तिचे प्रश्न वेगळे असतील: हे पसरेल का, घरात कुणाला लागेल का, रक्तात काही गेलं का? त्यांची उत्तरं तुझ्याकडे आता आहेत. हे संसर्गाने पसरत नाही, कुणाला लागत नाही, शाईची ॲलर्जी असावी असा अंदाज आहे आणि तपासायला जायचं आहे. बायोप्सीचा टाका बाहीखाली लपवत घरात वावरण्यापेक्षा सोबत कुणी असणं तुझ्यासाठी बरं. त्या हातावर तिच्याच आईची किंवा सासूची सही आहे, हेही विसरू नकोस. तुझ्याइतकंच तिलाही ते फूल कळेल.

राहिला टॅटू काढणारा. त्याच्याशी भांडायला जाऊ नकोस, पण त्याला कळव. पुढचं गिऱ्हाईक तीच लाल शाई मागेल तेव्हा त्याला हे माहीत असायला हवं. त्याच्याकडून त्या शाईच्या बाटलीचा फोटो माग. कंपनीचं नाव, छटेचं नाव, बॅच क्रमांक, आणि बारीक अक्षरांत छापलेले सी. आय. ने सुरू होणारे रंगद्रव्यांचे क्रमांक त्यात स्पष्ट वाचता आले पाहिजेत. आठ महिने झालेत, बाटली संपायला आली असेल किंवा टाकूनही दिली असेल, म्हणून हा फोन डॉक्टरांच्या भेटीची वाट न बघता याच आठवड्यात कर. फोटो मिळाला तर तो ट्यूबसोबत डॉक्टरांना दाखव. बाटली नसेल तर शाई कुठून घेतली एवढं तरी लिहून घे.